रक्त बोलावणारा मेंदू

गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी माणसाच्या भ्रूणात एक नळी पूर्णपणे मिटते. भ्रूणाच्या पाठीवरचा पेशींचा चपटा पट्टा आधी मधोमध खचतो, मग त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि एकमेकींना येऊन जुळतात. ही मज्जानलिका. तिचा पुढचा फुगीर भाग म्हणजे उद्याचा मेंदू आणि मागचा निमुळता भाग म्हणजे उद्याचा मज्जारज्जू. भ्रूण तेव्हा जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो. त्याचं हृदय काही दिवसांपूर्वीच धडधडू लागलेलं असतं आणि अंगात रक्त फिरायला सुरुवात झालेली असते. मज्जानलिकेच्या भिंतीत मात्र रक्ताची एकही वाहिनी नसते.

मोठेपणीच्या मेंदूशी हे चित्र ताडून पाहा. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के वाटा असलेला हा अवयव आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. त्याच्यातल्या केशवाहिन्या एकापुढे एक मांडल्या, तर त्यांची लांबी सहाशे किलोमीटरच्या घरात जाईल. जवळजवळ प्रत्येक चेतापेशीपासून काही मायक्रोमीटरवर एखादी केशवाहिनी असतेच. रक्तावर इतका अवलंबून असलेला अवयव रक्तवाहिनीशिवाय सुरू होतो आणि पुढे तिच्याच जाळ्यात गुंफला जातो. हे घडतं कसं?

थोडक्यात सांगायचं तर मेंदू स्वतः रक्तवाहिनी बनवत नाही. तो ती बाहेरून बोलावतो, कुठे शिरायचं आणि कुठे थांबायचं ते ठरवतो, आणि आत आलेल्या वाहिनीचा स्वभाव बदलून टाकतो. या तिन्ही गोष्टी कशा उलगडल्या आणि त्यात खंड पडला तर काय होतं, ते या प्रकरणात पाहू.

रक्ताविना किती दिवस?

वाहिनीवाचून पेशी जगतात, कारण ऑक्सिजन ओल्या ऊतीतून झिरपत पुढे जाऊ शकतो. पण या झिरपण्याला मर्यादा आहे. ऑक्सिजन वापरत बसलेल्या पेशींच्या थरातून तो साधारण शंभर ते दोनशे मायक्रोमीटर, म्हणजे एक ते दोन दशांश मिलिमीटर, इतकाच आत पोचतो. सुरुवातीची मज्जानलिका पातळ असते. तिच्या आतल्या पोकळीत द्रव असतो, बाहेरही द्रव आणि सैल ऊती असतात. तेवढ्यावर तिचं भागतं. मग पेशी विभागू लागतात, भिंत जाड होते आणि मधल्या थरांना ऑक्सिजन कमी पडू लागतो.

ही मर्यादा ओलांडली तर काय होतं, ते प्रयोगशाळेत दिसतं. २०१३ साली व्हिएन्नामध्ये मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांच्या गटाने मानवी मूळपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे छोटे गोळे वाढवले. त्यांना ऑर्गेनॉइड म्हणतात. त्यांच्यात मेंदूच्या निरनिराळ्या भागांसारखे थर आपोआप तयार झाले, पण गोळे सुमारे चार मिलिमीटरपर्यंतच वाढले आणि त्यांच्या गाभ्यातल्या पेशी मरू लागल्या. चेतापेशी घडवण्याची सगळी तयारी त्या गोळ्यात होती, फक्त रक्त पोचवणारं कुणी आसपास नव्हतं.

भ्रूणात मात्र आसपास कुणीतरी असतं. गावाच्या वेशीवर आधी वस्ती उभी राहते आणि लोकांची ओरड वाढली की मागाहून नळाची लाइन येते, तसाच इथला क्रम आहे. मज्जानलिका मिटत असतानाच तिच्याभोवती बाहेरून पातळ वाहिन्यांचं एक जाळं विणलं जातं. सुरुवातीला हे जाळं नळीला नुसतं वेढून असतं, आत शिरत नाही. उंदराच्या भ्रूणात ते नवव्या दिवसापर्यंत तयार होतं आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास त्यातून मागच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत पहिले कोंब घुसतात. माणसात हे सगळं आठवड्यांच्या हिशेबाने चालतं. मोठ्या मेंदूच्या भिंतीत पहिल्या वाहिन्या शिरतात, त्या सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास.

या पेशी कुठल्या?

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चपट्या पेशींचा एकेरी थर असतो. त्यांना आपण अस्तरपेशी म्हणू. केशवाहिनी म्हणजे जवळजवळ या अस्तराचीच नळी. तेव्हा मेंदूतल्या वाहिन्या कुठून आल्या, हे शोधायचं तर या अस्तरपेशींचं मूळ शोधायला हवं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्लोरेन्स सेबिन यांनी कोंबडीच्या जिवंत भ्रूणाचा पातळ थर काचेवर द्रवाच्या थेंबात लोंबकळत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास निरखला. भ्रूणाच्या मधल्या थरातल्या, म्हणजे मध्यस्तरातल्या, काही पेशी वेगळ्या होतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या पुंजक्यांतून पोकळ वाहिन्या घडतात, हे त्यांनी १९१७ साली सविस्तर मांडलं. मज्जानलिका मध्यस्तरापासून बनत नाही, ती बाह्यस्तरापासून बनते. त्वचेचा वरचा थरही तिथूनच येतो. म्हणजे रक्तवाहिनी आणि मेंदू ही अगदी सुरुवातीपासून वेगळी घराणी आहेत.

पण नुसतं पाहून एखादी पेशी कुठून निघून कुठे गेली, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यासाठी पेशीवर खूण हवी. फ्रान्समधल्या निकोल ल दुआरँ यांना ती खूण अनपेक्षित ठिकाणी सापडली. बटेर पक्ष्याच्या पेशीकेंद्रकात रंगद्रव्याने गडद होणारा एक ठळक ठिपका असतो, कोंबडीच्या पेशींत तो नसतो. मग बटेराच्या भ्रूणाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवायचा आणि काही दिवसांनी ठिपके शोधायचे. बटेराच्या पेशी कुठेही भटकल्या तरी ओळखू येतात. १९६९ साली मांडलेल्या या युक्तीने भ्रूणशास्त्राचा चेहरामोहरा बदलला. पुढे १९८७ साली पॅरिसजवळच्या नोझाँ-सुर-मार्न इथल्या त्यांच्या संस्थेत क्यूएच-१ नावाचं प्रतिपिंड तयार झालं. ते बटेराच्या फक्त अस्तरपेशींना आणि रक्तपेशींना चिकटतं. आता वाहिन्या कुणाच्या, याचा निवाडा थेट करता येऊ लागला.

एका जातीची मज्जानलिका दुसऱ्या जातीच्या भ्रूणात बसवली की तिच्या आत वाढणाऱ्या वाहिन्या यजमान भ्रूणाच्या असतात, हे अशा प्रयोगांतून पक्कं झालं. मज्जानलिका स्वतः अस्तरपेशी देत नाही. १९९६ साली हायमो कुर्ट्‌स आणि बोडो क्राइस्ट यांच्या गटाने पक्ष्यांच्या मज्जारज्जूत आणखी एक बारकावा दाखवला. नळीच्या पोटाकडच्या बाजूने बाहेरच्या जाळ्यातून वाहिनीचे कोंब फुटून आत घुसतात, तर पाठीकडच्या बाजूने सुट्या अस्तरपेशीही एकेकट्या आत सरकतात.

या गोष्टीत एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. केशवाहिनीला बाहेरून मिठी मारून बसणाऱ्या आधारपेशींना पेरिसाइट म्हणतात. २००१ साली ल दुआरँ यांच्याच गटातून हेदर एचेव्हर्स यांनी दाखवलं की पुढच्या मेंदूच्या वाहिन्यांवरच्या पेरिसाइट मध्यस्तरातून येत नाहीत. मज्जानलिका मिटताना तिच्या कडांवरून सुटून निघालेल्या पेशी, ज्यांना मज्जाशिखेच्या पेशी म्हणतात, त्यांपासून त्या बनतात. म्हणजे तिथे आतलं अस्तर परकं आणि त्याला सावरणारी पेशी मेंदूच्या सख्ख्या नात्यातली.

उपासमारीची हाक

१९४८ साली स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी एक तर्क मांडला. डोळ्याच्या मागच्या बाजूचं दृष्टिपटल हा खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग. त्यातल्या वाहिन्यांची मांडणी पाहून त्यांना वाटलं की ऑक्सिजन कमी पडलेल्या ऊतीतून काहीतरी झिरपत असावं आणि ते वाहिन्यांना वाढायला लावत असावं. ते ‘काहीतरी’ हाती लागायला पुढची चाळीस वर्षं गेली.

१९८३ साली हार्वर्डमध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांनी गाठींमधून स्रवणारं आणि वाहिन्या गळक्या करणारं एक प्रथिन वेगळं केलं. १९८९ साली नेपोलियन फेरारा यांनी अस्तरपेशींची वाढ घडवणारं प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवलं आणि त्याला व्हीईजीएफ हे नाव दिलं. ही दोन्ही प्रथिनं एकच निघाली. १९९२ साली जर्मनीत वेर्नर रिझाऊ यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणाचा मेंदू तपासला, तेव्हा मेंदूच्या भिंतीचा आतला थर, जिथे पेशी जोमाने विभागत असतात, तिथेच व्हीईजीएफ भरपूर बनताना दिसलं. त्याला पकडणारे ग्राही मात्र बाहेरून आत येणाऱ्या वाहिन्यांवर होते. हाक आतून येत होती आणि ऐकणारे कान बाहेर होते.

या प्रथिनाचं प्रमाण किती काटेकोर लागतं, ते १९९६ साली कळलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. बहुतेक जनुकांची एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम भागतं. फेरारा आणि बेल्जियमचे पीटर कार्मेलिएट यांच्या गटांनी स्वतंत्रपणे उंदरात व्हीईजीएफच्या जनुकाची फक्त एक प्रत काढली. भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यावर, अकराव्या-बाराव्या दिवशी, मेले. निम्मं व्हीईजीएफ पुरत नाही.

उपासमारीचं रूपांतर हाकेत कसं होतं, हेही आता ठाऊक आहे. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनत असतं आणि ऑक्सिजन पुरेसा असला की सतत मोडलं जात असतं. ऑक्सिजन घटला की मोडणं थांबतं, एचआयएफ साठतं आणि व्हीईजीएफच्या जनुकाला चालू करतं. पेशींची ही ऑक्सिजन मोजण्याची रीत उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. यातली खुबी अशी की रक्त पोचलं की ऑक्सिजन वाढतो, एचआयएफ मोडतं आणि हाक आपोआप मंदावते. कोणत्या कोपऱ्यात किती केशवाहिन्या हव्यात, याचा तयार नकाशा जनुकांत लिहून ठेवावा लागत नाही. जिथे कमी पडेल तिथून मागणी येते आणि भागलं की मागणी थांबते.

कोंबाच्या टोकावर

१८९० साली स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल कोंबडीच्या भ्रूणाच्या मज्जारज्जूत वाढत्या चेतातंतूंचं निरीक्षण करत होते. तंतूच्या टोकाशी त्यांना बोटांसारखे फाटे असलेला एक फुगवटा दिसला. चाचपडत वाट शोधत पुढे जाणारं हे टोक पुढे चेतापेशीचा वृद्धिशंकू म्हणून ओळखलं गेलं. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २००३ साली, होल्गर गेरहार्ट आणि क्रिस्टर बेट्सहोल्ट्‌स यांच्या गटाने उंदराच्या दृष्टिपटलातल्या वाढत्या वाहिनीच्या टोकाशी तसंच दृश्य दाखवलं. वाहिनीच्या कोंबाच्या अग्रभागी एकच पेशी असते. तिला लांब, बारीक तंतू फुटलेले असतात. ती फारशी विभागत नाही. व्हीईजीएफ ज्या दिशेला दाट, त्या दिशेला ती सरकते. तिच्या मागच्या पेशी विभागतात आणि नळी लांबवत नेतात.

सगळ्याच पेशी पुढारी झाल्या तर नळी उरणारच नाही. म्हणून टोकाची पेशी शेजारणींना रोखते. व्हीईजीएफ जास्त मिळालेली पेशी आपल्या पृष्ठभागावर डीएलएल-४ नावाचं प्रथिन वाढवते. ते शेजारच्या पेशीवरच्या नॉच नावाच्या ग्राहीला भिडलं की शेजारच्या पेशीची टोक होण्याची तयारी मावळते. डीएलएल-४ निम्म्यावर आणलं की जिकडेतिकडे टोकं फुटतात आणि वाहिन्यांचं दाट, गोंधळलेलं जाळं तयार होतं. आणि हे पुढारपण कायमचंही नसतं. मागची पेशी पुढे येते, पुढची मागे पडते, अशी अदलाबदल चालूच असते.

दिशा कळायची तर हाक सगळीकडे सारखी ऐकू येऊन उपयोग नाही. जवळ मोठी आणि लांब बारीक, असा उतार हवा. व्हीईजीएफ एकाच जनुकातून लहान-मोठ्या रूपांत बनतं. लहान रूप लांबवर पसरून जातं, मोठी रूपं पेशींमधल्या चिकट जाळीला धरून राहतात. २००२ साली लंडनमध्ये क्रिस्टियाना रूरबर्ग आणि सहकाऱ्यांनी फक्त लहान रूप बनवणाऱ्या उंदरांच्या भ्रूणांचा मागचा मेंदू तपासला. वाहिन्या आल्या होत्या, पण त्या जाड होत्या आणि त्यांना फाटे कमी होते. मागणी पोचली होती, पत्ता पोचला नव्हता.

आत शिरलेली वाहिनी मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाकडून पोकळीच्या दिशेने सरळ जाते आणि पोकळीजवळ, जिथे पेशी विभागत असतात, तिथे आडवी वळून शेजारच्या वाहिन्यांना जाऊन मिळते. अशा उभ्या-आडव्या वाहिन्यांचं मिळून जाळं होतं. दोन कोंब एकमेकांना गाठायचे कसे, याचंही एक उत्तर सापडलं आहे. वाहिन्यांच्या आधीच मेंदूत काही भक्षकपेशी येऊन राहिलेल्या असतात. २०१० साली रूरबर्ग यांच्याच गटाने दाखवलं की या पेशी दोन कोंबांच्या टोकांना एकाच वेळी स्पर्श करून त्यांची गाठ घालून देतात. भक्षकपेशी नसलेल्या उंदरांत कोंब फुटतात, पण जोड कमी होतात.

कुठे थांबायचं

इथवर वाचून वाटेल की जितक्या वाहिन्या लवकर येतील तितकं बरं. भ्रूणाचा हिशेब वेगळा आहे.

मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींचे पुंजके असतात. या पेशी स्वतः व्हीईजीएफ बनवतात, तरीही उंदराच्या भ्रूणात वाहिन्या काही काळ त्या पुंजक्यांना वळसा घालून जातात. या कोड्याचं उत्तर जर्मनीत कार्मेन रुइस द अल्मोदोव्हार यांच्या गटाने २०१७ साली दिलं. याच चेतापेशी व्हीईजीएफला धरून ठेवणारा एक सुटा, तरंगता ग्राहीही सोडतात. हाक देणारा आणि ती दाबणारा एकच. हा ग्राही काढून टाकला की वाहिन्या वेळेआधीच पुंजक्यात घुसतात. २०२२ साली त्याच गटाने आणखी एका रोखणाऱ्या संदेशाचा शोध लावला आणि घाईने घुसलेल्या वाहिन्यांचा परिणामही दाखवला. चेतापेशींचे तंतू मज्जारज्जूतून बाहेर पडण्याच्या जागी अडखळू लागले. तंतूंची वाट मोकळी होईपर्यंत रक्ताने थांबणं गरजेचं होतं.

मोठ्या मेंदूतही असंच काही दिसतं. कार्मेलिएट यांच्या गटाने २०१६ साली अशा उंदरांचे भ्रूण अभ्यासले, ज्यांच्या पुढच्या मेंदूत वाहिन्या शिरतच नाहीत. तिथल्या मूळपेशी स्वतःचीच संख्या वाढवत राहिल्या, त्यांच्यापासून चेतापेशी बनणं मागे पडलं. गर्भार उंदरीला जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेत ठेवलं, तर ही अडचण कमी झाली. म्हणजे कमी ऑक्सिजनचे सुरुवातीचे दिवस ही मेंदूची निव्वळ उपेक्षा नसते. त्या दिवसांत मूळपेशींचा साठा वाढतो. मग रक्त पोचतं आणि ‘आता चेतापेशी बनवा’ हा निरोप ऑक्सिजनच्या रूपाने त्याच्यासोबत येतो. पुरवठा करणारी वाहिनी घड्याळाचंही काम करते.

परक्या वाहिनीचा बदललेला स्वभाव

जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८८५ साली नोंदवलं होतं की प्राण्याच्या रक्तात सोडलेले काही रंग सगळे अवयव रंगवतात, पण मेंदू कोराच राहतो. त्यांचे सहकारी एडविन गोल्डमान यांनी १९१३ साली उलटा प्रयोग केला. रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू आणि मज्जारज्जू रंगले, बाकी शरीर कोरं राहिलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी अडसर होता. आज डॉक्टर त्याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. १९६७ साली टॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की हा अडसर वाहिनीच्या अस्तरपेशींतच आहे. इतर बहुतेक अवयवांत या पेशींच्या सांध्यांतून थोडंफार झिरपतं. मेंदूत हे सांधे घट्ट बंद असतात. ग्लुकोजसारखे पदार्थ पेशीतल्या ठरावीक वाटांनीच आत जातात.

आता मूळ प्रश्न. या अस्तरपेशी तर बाहेरून आलेल्या. घट्ट सांध्यांचं कसब त्या येतानाच घेऊन येतात, की मेंदूत आल्यावर शिकतात?

टोरोंटोमध्ये पॅट्रिशिया स्ट्यूअर्ट आणि मायकेल वायली यांनी १९८१ साली बटेर आणि कोंबडीची तीच युक्ती वापरून याचा निकाल लावला. तीन दिवसांच्या बटेर-भ्रूणाच्या मेंदूत अजून वाहिनी शिरलेली नसते. असा मेंदूचा तुकडा त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या पोटाच्या पोकळीत बसवला. कोंबडीच्या पोटातल्या वाहिन्या त्या तुकड्यात वाढल्या. मग रक्तात रंग सोडला. पोटातल्या वाहिन्यांतून एरवी रंग गळतो, पण मेंदूच्या तुकड्यात शिरलेल्या त्याच कुळीच्या वाहिन्यांतून तो गळला नाही. उलट प्रयोगात पोटाकडची ऊती कोंबडीच्या मेंदूत बसवली. तिच्यात शिरलेल्या मेंदूकडच्या वाहिन्या गळक्या निघाल्या. वाहिनी कुठून आली याला महत्त्व उरलं नाही. ती ज्या ऊतीत शिरली, तिने तिला घडवलं.

शिकवणारा संदेश कोणता, हे कळायला आणखी सत्तावीस वर्षं लागली. २००८ आणि २००९ मध्ये वेगवेगळ्या गटांच्या कामातून विंट नावाच्या प्रथिनकुळाकडे बोट गेलं. मेंदू आणि मज्जारज्जूच्या पेशी विंट-७ए आणि विंट-७बी ही प्रथिनं बनवतात. ती दोन्ही नसलेल्या उंदरांच्या भ्रूणात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या वाहिन्या नीट वाढत नाहीत, फुगतात आणि फुटून रक्तस्राव होतो. इतर अवयवांच्या वाहिन्या मात्र व्यवस्थित असतात. व्हीईजीएफ सगळ्या शरीरात वाहिन्यांना बोलावतं. आपण मेंदूच्या दारात आलो आहोत, हे वाहिनीला विंटमुळे समजतं.

पूर्वी या अडसराचं श्रेय तारकापेशींना, म्हणजे ॲस्ट्रोसाइटना दिलं जाई, कारण पूर्ण वाढलेल्या मेंदूत त्यांचे पाय प्रत्येक केशवाहिनीला लपेटलेले दिसतात. पण उंदरात बहुतेक तारकापेशी जन्मानंतर तयार होतात आणि अडसर त्याआधीच उभा असतो. २०१० साली अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या दोन गटांनी दाखवून दिलं की या सुरुवातीच्या काळात सांधे घट्ट ठेवण्यासाठी पेरिसाइट लागतात. पेरिसाइट जितक्या कमी, वाहिनी तितकी गळकी.

राहिलेली शीर

जितक्या वाहिन्या बनतात, तितक्या सगळ्या टिकत नाहीत. भ्रूणातला पहिला आराखडा उधळा असतो. वापरातल्या वाहिन्या रुंदावतात, बाकीच्या आक्रसून नाहीशा होतात. मज्जारज्जूला सुरुवातीला शरीराच्या प्रत्येक खंडातून, दोन्ही बाजूंनी, एकेक धमनी मिळते. शेवटी त्यांतल्या मोजक्याच मोठ्या उरतात. त्यांतली सर्वांत मोठी बहुधा डाव्या बाजूने, छातीच्या खालच्या मणक्यांजवळून आत येते. पोलंडचे आल्बर्ट अडाम्‌केविच यांनी १८८०च्या दशकात तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. महाधमनीची शस्त्रक्रिया करताना सर्जन तिला जपतात, कारण ती गेली तर पाय लुळे पडू शकतात.

मेंदूच्या वाहिन्यांचा हा बदलता आराखडा डोर्कस पॅजेट यांनी बाल्टिमोरच्या कार्नेगी संग्रहातल्या मानवी भ्रूणांवरून टप्प्याटप्प्याने रेखाटला. त्या मूळच्या वैद्यकीय चित्रकार. धमन्यांवरचं त्यांचं काम १९४८ साली प्रसिद्ध झालं आणि मेंदूच्या वाहिन्यांवर काम करणारे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात.

जाणारी वाहिनी गेली नाही तर काय होतं, याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘गेलेनच्या शिरेची विकृती’. पुढच्या मेंदूच्या मध्यावरची एक भ्रूणकालीन शीर पहिल्या तिमाहीच्या अखेरीस नाहीशी व्हायला हवी. काही बाळांत ती राहते आणि धमन्या मधल्या केशवाहिन्यांना वगळून थेट तिच्यात रिकाम्या होतात. जन्मल्यानंतर या मोकळ्या वाटेने इतकं रक्त वाहतं की नवजात हृदय थकून निकामी होऊ लागतं. २०२३ साली बोस्टनमध्ये डॅरेन ऑर्बाक आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयातल्याच चौतीस आठवड्यांच्या बाळाच्या डोक्यात सुई नेऊन ही शीर आतून बुजवली. जगात हे पहिल्यांदाच झालं.

काम अर्धवट असताना जन्म

ही सगळी घडण गर्भाशयाच्या अंधारात पुरी व्हावी, असं गृहीत धरलेलं आहे. बाळ आठव्या महिन्याआधी जन्मलं की ती अर्ध्यावर उघडी पडते.

मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला चेतापेशी घडवणारा एक दाट थर असतो, त्याला जनकथर म्हणू. साधारण बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तिथे व्हीईजीएफ भरपूर असतं आणि वाहिन्या झपाट्याने वाढत असतात. झपाट्याने वाढणाऱ्या वाहिन्यांवर पेरिसाइट विरळ असतात आणि तारकापेशींची मिठीही सैल असते. अशा वेळी बाळ बाहेर आलं, रक्तदाब वर-खाली झाला, की त्या फुटतात. मेंदूतला हा रक्तस्राव बहुतांश वेळा जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच होतो. मुदतपूर्व प्रसूतीची चिन्हं दिसताच आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस होवी यांनी १९७२ साली बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून ते वापरून पाहिलं. त्याने हा रक्तस्रावही कमी होतो, हे नंतर स्पष्ट झालं.

दुसरी जागा दृष्टिपटल. तिथे वाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मधून निघतात. नाकाकडच्या कडेला त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पोचतात आणि कानाकडच्या कडेला थेट पूर्ण दिवस भरताना. त्यांना पुढे ओढणारी शक्ती म्हणजे तीच, ऊतीतली ऑक्सिजनची टंचाई. गर्भाशयात ऑक्सिजन कमीच असतो. लवकर जन्मलेल्या बाळाला हवेतला ऑक्सिजन मिळतो, वर नळीने आणखी दिला जातो. टंचाई एकाएकी संपते, व्हीईजीएफ घटतं आणि वाहिन्या वाटेतच थबकतात. काही आठवड्यांनी दृष्टिपटल जाड होतं, कामाला लागतं, आणि वाहिन्या न पोचलेली कड उपाशी पडते. मग व्हीईजीएफचा लोंढा येतो. वाहिन्या वेड्यावाकड्या, दृष्टिपटलाबाहेर वाढतात, आकसतात आणि दृष्टिपटल ओढून सोलून काढतात. या आजाराला आरओपी म्हणतात.

बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ साली त्याचं वर्णन केलं. काचेच्या पेट्यांमध्ये भरपूर ऑक्सिजन मिळणारी बाळंच जास्त आंधळी होत आहेत, हे १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी दाखवलं. त्या काळात जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली असावी, असा अंदाज आहे. मग ऑक्सिजनवर कडक निर्बंध आले आणि अंधत्व घटलं, पण बाळांचे मृत्यू आणि मेंदूची इजा वाढली. आज अतिदक्षता कक्षात ऑक्सिजन ठरावीक पट्ट्यात राखतात, कमी नको आणि जास्तही नको. उपचार म्हणून दृष्टिपटलाच्या उपाशी कडेवर लेझर मारतात, म्हणजे हाक देणाऱ्या पेशीच निकामी करतात, किंवा डोळ्यात व्हीईजीएफला धरून ठेवणारं औषध टोचतात. हे औषध फेरारा यांच्या कामातून आलं, मूळचं कर्करोगासाठी.

भारतात चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची डोळ्यांची पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी, असा सरकारी निर्देश आहे. फारच लवकर जन्मलेल्यांची तर दोन-तीन आठवड्यांतच. अडचण अशी की तेव्हा बाळ बाहेरून अगदी ठीक दिसतं. वजन वाढत असतं, दूध पीत असतं, घरी आलेलं असतं, आणि तालुक्याच्या गावाहून पुन्हा जिल्ह्याच्या रुग्णालयात कशाला न्यायचं, असं घरच्यांना वाटतं. पण तीस दिवसांची ही मुदत मनाला येईल तशी ठरवलेली नाही. वाहिन्या थबकल्यानंतर आणि लोंढा येण्याआधी जी थोडी फुरसत मिळते, ती एवढीच असते. लेझर किंवा इंजेक्शन तिच्यात बसलं तर दृष्टी वाचते. दृष्टिपटल एकदा सुटलं की मोठ्या शस्त्रक्रियेनेही फारसं काही परत मिळत नाही.